बनुआत्याची चौकशी

सांगली, ता. १४ ऑगस्ट १९९५

ती. दादांस,

तानाजीचा शि. सा. न. वि. वि.

छापखान्यातले काम बरे चालले आहे. एक गोष्ट फक्त तुम्हाला कळवतो. मोठ्या कामाबद्दल सरकार पद्म पुरस्कार देते आणि त्यासाठी कोणीही नाव सुचवू शकतो, असे एका पत्रकाचे खिळे जुळवताना वाचले. मी बनुआत्याचे नाव साताऱ्याला कलेक्टर कचेरीत पाठवले आहे. चाळीस वर्षे ती माणसांची आणि मेंढरांची मोडलेली हाडे बसवते, नारळाशिवाय काही घेत नाही, हे चार वेळा कच्चे लिहून मग पक्के केले. बरे झालेल्या एकेचाळीस जणांची नावे दिली. माझाही उजवा कोपर लिहिला. तो वाकडाच राहील असे डॉक्टर म्हणाले होते. त्याच हाताने आज पोट भरतो.

तिथले कारकून म्हणाले की चौकशीला माणूस येईल, तोवर बभ्रा करू नका. आठवी नापासाचा अर्ज कोणी वाचेल का, ही धाकधूक आहेच. आत्याला कळले तर लाटणे घेऊन सांगलीला येईल, म्हणून कोणाला सांगू नये.

वहिनींना नमस्कार. माझ्या धांदलीसकट लोभ असू द्यावा.

आपला,
तानाजी

वाडी, ता. माण, ३ डिसेंबर १९९५

चि. तानाजीस,

भाऊसोचा आशीर्वाद. तुझं अक्षर छापल्यासारखं, माझं अंदाजानं वाच.

मेंढरं घेऊन उंब्रजकडं होतो, काल घरी आलो. मागं वाडीत पोलीस येऊन गेला. बनुबाई हाडं बसवते काय, कवापासून, कुणाकुणाची, असं दारोदार विचारत फिरला. गेल्या साली शेजारच्या गावातल्या सुया टोचणाऱ्याला बोगस डॉक्टर म्हणून धरून नेलं, तेच सगळ्यांच्या डोक्यात. बिराप्पानं आत्याला मागच्या दारानं काढून लेकीकडं रहिमतपूरला धाडलं. मग पोलिसाला म्हणाला, आवं सायेब, म्हातारीला मेंढराचा पाय कुठला न् शेपूट कुठलं ते उमगत न्हाई. पारूबाई म्हणाली, तिला भाकरी धड थापता येत न्हाई, हाड कुठलं बसवतीया. आपल्या वाडीतल्या गुंडाच्या मांडीचं हाड आत्यानंच बसवलेलं. तो मुद्दाम लंगडत पुढं आला आणि म्हणाला, कुणी बसवलं आसतं तर आसा चाललो आसतो व्हय. पोलिसानं सगळं लिहून घेतलं.

आत्याला कसं वाचवलं ते काल सगळे लय हौसेनं सांगत होते. मी मान हलवत बसलो. आता यांना काय सांगू, ते कळव गड्या.

तुझा,
दादा

सांगली, ता. २० डिसेंबर १९९५

ती. दादांस,

शि. सा. न. साताऱ्याहून उत्तर आले. अर्जात लिहिलेले कोणतेही काम सदर महिला करत नाही, असे सर्व ग्रामस्थ एकमुखाने सांगतात, असे त्यात आहे.

वाडीचा राग धरू नये. चूक माझी. एकेचाळीस नावे लिहिली, पण एकालाही विश्वासात घेतले नाही. आत्याने आयुष्यभर काहीच केले नाही, असे सरकारी कागदावर माझ्यामुळे लिहिले गेले. कामात लक्ष लागत नाही. काल एक ओळ तीनदा मोडून जुळवली. सर्वांना आणि आत्यालाही खरे सांगावे. मला तिच्यासमोर येण्याचे धाडस नाही.

राहिला असेल तेवढा लोभ ठेवावा.

आपला,
तानाजी

वाडी, ता. माण, ८ जानेवारी १९९६

चि. तानाजीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र देवळापुढं वाचून दाखवलं. गुंडा म्हणाला, आत्ता साताऱ्याला जाऊन पळून दाखवतो. पारूबाईनं तुला शिव्या घातल्या, आधी सांगाय काय झालं हुतं म्हणून, आणि मग रडली.

रहिमतपूरहून परत आल्यावर आत्यानं कोण काय बोललं ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. एकबी फुटला न्हाई का, म्हणून विचारलं. एकही नाही म्हटल्यावर डोळ्याला पदर लावून हसली. फक्त भाकरीचं मनाला लागलंय. पारूबाईशी दोन दिवस अबोला होता. अर्ज पुन्हा करायचा तर कर म्हणाली, पण पोलीस कशाला येतोय ते वाडीला आधी कळव.

आता इथं नवं खूळ निघालंय. आत्या ओट्यावर बसली की दारावरनं जाणारा हरेक जण चार पावलं लंगडत जातो. पहिल्यांदा गुंडानं केलं, आता बिराप्पासुद्धा करतो. ती काठी उगारते आणि वाटेकडं बघत पुढच्याची वाट बघते.

तोंड लपवून तिकडं बसू नको. यात्रेला ये. येताना उजवा कोपर तेवढा वाकडा धरून ये.

तुझा,
दादा