ससा छाप पाण्याची अखेरची व्यवस्था

मी, गान तेक सून, कै. गान एंग चुआन यांचा मुलगा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा घाऊक औषधविक्री, राहणार आर्मेनियन स्ट्रीट, पिनांग, आज माझ्या घरच्या बैठकीत ताठ बसून हे मृत्युपत्र सांगत आहे. वकिलांचे कारकून श्री. एड्विन रेउटेन्स ते लिहून घेत आहेत. माझे यकृत बिघडले आहे, डोके नाही. सकाळी पेज आणि खारवलेले अंडे खाल्ले, वर्तमानपत्र वाचले, त्यातल्या अग्रलेखावर चिडलो. म्हातारा भ्रमिष्ट झाला होता असे पुढे कोर्टात कोणी म्हणेल, म्हणून हे आधीच लिहवतो.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती लिहिताना मी स्वतःला फार चांगला माणूस समजत होतो.

कलम पहिले. माझी मुलगी ग्वात निओ हिला मी या मृत्युपत्राची एकमेव व्यवस्थापक नेमतो. बाईच्या हाती कारभार दिला म्हणून आमच्या गान कुलाच्या सभेतील मंडळी नाके मुरडतील. मुरडू द्यावीत. आमच्या औषधाच्या रांजणांची खोली गेली कित्येक वर्षे तीच सांभाळते आहे. त्या काळात मी भाषणे करीत होतो.

कलम दुसरे. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझा मुलगा बेंग ह्वात याला द्यावी. घराला अट घालत नाही, कारण अट दिसली की तो वकील शोधतो. पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे उदबत्ती लावणे त्याचे काम आहे. ते तो करील. तो वाईट मुलगा नाही. त्याला व्यापार माझ्याकडूनच आला.

कलम तिसरे. माझी पुस्तके, चिनी, मलाय आणि इंग्रजी, कुलसभेच्या शाळेला द्यावीत. माझा पितळी तराजू मेहुण्याकडे आहे. एका लग्नाच्या गडबडीत त्याने तो 'दोन दिवसांसाठी' नेला. त्या लग्नातल्या मुलीची आता मुलगी लग्नाला आली. तराजू त्याच्याकडेच राहू द्यावा; मात्र तो माझा आहे, हे या कागदावर राहावे.

कलम चौथे. ससा छाप पाणी. हे कलम लांब आहे. श्री. रेउटेन्स यांनी हात दुखल्यास सांगावे.

लारुतच्या डोंगरात कोळसा पाडणारे आपले चिनी लोक एका रानवेलीचा पाला भाजून त्याचा काढा करीत आणि त्याच्या आधाराने अफू सोडीत. त्यांची रीत अशी. काढ्याच्या दोन बाटल्या भरायच्या. एकीत आपल्या सवयीइतकी अफू विरघळवायची, दुसरी कोरी ठेवायची. अफूच्या बाटलीतून पेलाभर प्यायले की कोऱ्या बाटलीतला पेलाभर काढा तिच्यात ओतायचा. बाटली भरलेलीच दिसते, आतली अफू मात्र पेल्यापेल्याने विरळ होत जाते. कोरी बाटली दोन-तीनदा पुन्हा भरून असेच केले की अफू नावापुरती उरते, आणि शरीर भांडण न करता मोकळे होते. मी तिथे महिनाभर राहून हे डोळ्यांनी पाहिले.

तो काढा मी पिनांगला आणला आणि बाजारात उतरवताना दोन बाटल्यांची एक केली. दोन बाटल्या खोक्यात दुप्पट जागा घेतात, दुप्पट फुटतात, आणि कथिलाच्या खाणीत राबणाऱ्याला ओतत बसायला सवड नसते, असे मी म्हणालो. तरुणपणी मी बीच स्ट्रीटवर एका गोऱ्या औषधवाल्याकडे बाटल्या भरायला होतो. प्रामाणिक औषध ते, ज्याची प्रत्येक बाटली सारखी, हे तिथे माझ्या हाडात मुरले. कोयनेल, एरंडेल, जंतावरची पूड, यांच्यापुरते ते बरोबरच आहे. तोच नियम मी या काढ्याला लावला. दर खेपेला रांजणात तितकीच अफू, आणि वेष्टनावर, चंद्रावर औषध कुटणाऱ्या सशाच्या चित्राखाली, अभिमानाची ओळ: 'पहिली बाटली तशीच शेवटची.' विरळ होत जाणे हेच त्या काढ्याचे औषध होते. ते मी काढून टाकले आणि उरलेले विकले. केडाला, पेराकच्या खाणींवर, समुद्रापलीकडे देलीच्या तंबाखूच्या मळ्यांवर खोकीच्या खोकी गेली.

मला हे कळले नव्हते, हे खरे. कळायला हवे होते, हेही खरे. मी इतकी पुस्तके वाचली होती.

त्या काळात मी गावोगाव अफूविरुद्ध बोलत असे. अफूचा मक्ता विकून जे राज्य चालते ते राज्य नव्हे, दुकान आहे, असे मी भर सभेत म्हणालो होतो आणि आज मरणाच्या दारात पुन्हा म्हणतो. त्यातला शब्दही मागे घेत नाही. भर एवढीच घालतो की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचे दुकान माझे होते.

एका वर्षी चिनी सातव्या महिन्यात, भुकेल्या पितरांच्या जेवणावळी चालू असताना, देवळाच्या पटांगणात माझे भाषण झाले. ज्यांनी अफू सोडली त्यांनी हात वर करावेत, असे मी म्हणालो. शेकडो हात वर झाले. पुष्कळ हातांत माझी बाटली होती. तेवढ्यात मागून एक आवाज आला. तो चुआ खियाम, गोदीवरचा पडाववाला.

"शेठ, अफूच्या अड्ड्यावर निदान आडवं व्हायला फळी मिळायची. तुमचं पाणी उभ्यानं ढोसावं लागतं."

लोक हसले. तो पुढे म्हणाला, "हसू नका, मी यांचा सगळ्यात जुना भक्त आहे. अफू सोडली, शेठजींना धरलं. आता शेठजींना सोडायला कुठलं पाणी प्यायचं, ते तेवढं सांगा."

मी त्याला उत्तर दिले. चांगले दिले असावे, कारण टाळ्या पडल्या. ते उत्तर आज मला आठवत नाही. त्याचा प्रश्न आठवतो.

दुसऱ्या दिवशी मी रांजणांच्या खोलीत जाऊन ग्वात निओला विचारले, "आपलं पाणी पिऊन कुणी पाणी पिणं थांबवलंय का गं?"

ती अफू तोलत होती. तिने मान वर केली नाही. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे, बाबा."

मी काय करावे? जो मनुष्य भाषणे करतो, तो भाषण करण्यासारखेच काहीतरी करतो. मी सगळे रांजण भर रस्त्यात गटारात पालथे केले आणि त्यावरही बोललो. दुकान बंद केले. आठवड्याभरात खियाम दाराशी आला. बायकोने त्याला दंडाला धरून उभे केले होते.

"शेठ, भाषण नको," तो म्हणाला. "बाटली द्या."

मी त्याला मनोनिग्रहावर चार शब्द सांगितले. ऐकताना त्याचे दात वाजत होते. त्याच्या पोटात पाणी ठरेना. उलट्या, जुलाब, आणि मुळात पडावावर झिजलेला देह. महिना पुरा व्हायच्या आत तो गेला. खाणींवरून आणखी नावे आली. जे जगले त्यांतले बहुतेक अफूच्या अड्ड्यांवर परतले. मक्तेदाराने मला संत्र्यांची करंडी पाठवली. ती मी परत केली नाही, हेही लिहा.

मग मी रांजण पुन्हा भरले. तितकीच अफू. अशी चार वर्षे गेली. लोक मरू नयेत म्हणून भरले, आणखी एखाद्या खियामच्या भीतीने भरले, आणि धंदा चालत होता म्हणून भरले. तिसरे कारण मी शेवटी सांगितले. ते पहिले लिहायला हवे होते.

यंदा नववर्षानंतर डॉक्टरांनी मला माझी मुदत सांगितली. तेव्हापासून ग्वात निओ आणि मी रांजणातली अफू दर महिन्याला चिमटीभर कमी करीत आहोत. डोंगरातली रीत एका माणसाची होती. आता ती साऱ्या गिऱ्हाइकांना मिळून लावायची आहे. हे काम दोन वर्षांचे आहे आणि मला तेवढी वर्षे नाहीत. म्हणून माझी आज्ञा:

दर महिन्याला अफू आदल्या महिन्यापेक्षा कमी घालावी. कोणत्याही कारणाने एकदम बंद करू नये. तक्रारी आल्या तरी पुन्हा वाढवू नये. पहिल्याच महिन्यात इपोहच्या दोन दुकानदारांनी तक्रार केली आणि मी अर्धा दिवस डळमळलो होतो. वेष्टनावरची ती ओळ खरवडून टाकावी. अफू शून्यावर आली की आणखी वर्षभर नुसता काढा, नुसत्या काढ्याच्या भावाने विकावा, आणि मग दुकान बंद करावे.

गिऱ्हाइकाला हे सांगावे की नाही, यावर आम्ही बापलेक भांडलो. मी म्हणालो, आयुष्यभर अर्धे खरे बोललो, आता पुरे छापून टाकू. ग्वात निओ म्हणाली, "छापा. परवा सगळे अड्ड्यावर असतील. बाबा, तुम्हाला खरं बोलायचंय की त्यांना सोडवायचंय?" मला दोन्ही करायचे होते. शेवटी असे ठरले: छापू नये, पण जो विचारील त्याला, मग तो कोणीही असो, खरे सांगावे. हा मार्ग स्वच्छ नाही. याहून स्वच्छ मार्ग मी एकदा पत्करला होता, आणि त्याने खियाम गेला.

कलम पाचवे. सशाचा छाप, त्याचा ठसा आणि नोंदणी मी ग्वात निओच्या स्वाधीन करतो. दुकान बंद झाले की तिने ठसा फोडावा आणि नोंदणी रद्द करावी. छाप विकू नये, भाड्याने देऊ नये, कोणाच्या आंदणात घालू नये. बेंग ह्वात यावर भांडेल. मागच्या आठवड्यातच तो म्हणाला, "बाबा, सिंगापूरची पार्टी फक्त ससा मागतेय. दुकान नको, रांजण नको. नुसता ससा."

"आणि बाटलीत काय घालणार?"

"ते त्यांचं ते बघतील."

"मीही इतकी वर्षं हेच म्हणत आलो."

"मग आता का नाही म्हणत? आईच्या औषधपाण्याला, माझ्या शाळेला, तुमच्या पुस्तकांना या सशानंच घातलं ना खायला?" तो बरोबर बोलला. म्हणूनच मी त्याला ससा देत नाही. त्याने हे शिक्षा समजू नये. ते जमले नाही तर शिक्षा समजावी, पण कोर्टात जाऊ नये. जाणार हे मला ठाऊक आहे. जाताना गळ्यातली कॉलर नीट कर, आईला ती तिरपी दिसलेली खपत नसे.

कलम सहावे. किम्बर्ली स्ट्रीटवरील माझे लहान घर, भाड्यासह, चुआ खियामची विधवा सुआत किम हिला...

हे कलम मी रद्द करतो. श्री. रेउटेन्स यांनी ते पुसू नये, काट मारावी आणि का मारली ते लिहावे.

आज हे कलम सांगण्यासाठी मी सुआत किमला बोलावून घेतले होते. ती आता माशांची जाळी विणते. ती उभीच राहिली. सगळे ऐकून घेतले आणि माझ्याशी न बोलता कारकुनाला विचारले, "याच्या पोरानं कोर्टात जाऊन म्हातारा वेडा होता म्हटलं, तर?"

श्री. रेउटेन्स म्हणाले, "दोन साक्षीदार लागतात, एक मी आहे; त्यांना बोलावतील, बाई. सही करताना शेठ शुद्धीवर होते, हे त्यांनी सांगायचं."

"आणि साक्षीदाराचं खरं धरतात?"

"ज्याला या कागदातून काही मिळत नाही, त्याचं धरतात. कायदाच आहे तसा. साक्षीदाराच्या नावानं काही ठेवलं असेल, तर ते त्याला मिळत नाही."

"म्हणजे मी घर घेतलं तर गप्प. अंगठा दिला तर घर नाही."

"असंच."

"मग घर कापा."

मी तिला म्हणालो, बाई, दुसरा साक्षीदार मिळेल, घर तुझ्या हक्काचे आहे. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"हक्काचं? खियामच्या बदल्यात खोल्या आणि वर नळ? गोदीवर काय सांगू, नवऱ्याचं भाडं येतं म्हणून? आणि शेठ, दुसरा साक्षीदार तुमचा पोरगा विकत घेईल. मला विकत घ्यायला तुम्हीच आलात, तुम्हाला जमलं नाही. त्याला काय जमणार?"

"मग माझ्यासाठी कशाला करतेस हे?"

"तुमच्यासाठी कोण करतंय? माझा धाकटा दीर तुमचंच पाणी पितो. त्याला एकदम तोडलेलं मला बघायचं नाही, नि जन्मभर प्यायलेलंही नाही. ती तुमची चिमटी-चिमटी चालायला पाहिजे."

मी तिला क्षमेबद्दल विचारले. विचारायला नको होते.

"ते या कागदात आहे का?" तिने कारकुनाला विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मग राहू द्या."

म्हणून कलम सहावे रद्द. त्या घराचे भाडे दुकान बंद होईपर्यंत रांजणांच्या खोलीतील नोकरांच्या पगाराला लावावे. त्यानंतर घर ग्वात निओचे.

कलम सातवे. मला आमच्या कुलाच्या टेकडीवर, पत्नीशेजारी पुरावे. बँड लावायचा असल्यास लावावा, बेंग ह्वातला तो आवडतो. भाषण कोणी करू नये. कुलसभेचे अध्यक्ष करतीलच. त्यांनी एकदा माझे भाषण मध्येच थांबवले होते, तसे त्यांचे कोणीतरी थांबवावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. पिनांग येथे, १४ सप्टेंबर १९०८ रोजी, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्या दोघांनी माझ्या आणि एकमेकांच्या समक्ष खाली निशाणी केली.

(सही) गान तेक सून

साक्षीदार:

१. (सही) एड्विन रेउटेन्स, वकिलांचे कारकून, बिशप स्ट्रीट.

२. सुआत किम, चुआ खियाम यांची विधवा, जाळी विणणारी, राहणार वेल्ड की धक्क्याजवळ. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर तिला हॉक्क्येन या तिच्या चिनी बोलीत वाचून दाखवला. या मृत्युपत्रातून तिला काहीही मिळत नाही, हे तिने स्वतः सांगून लिहवून घेतले.