तरवडाची खाल्लेली पाने

कनाझावा, जपान
८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस अश्विनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोन असताना पत्रे लिहिणारे वडील म्हणून आपण इथे प्रसिद्ध आहात.

लाखकामाच्या, म्हणजे लाकडी डब्यांवर लाख चढवून सोन्याची नक्षी करण्याच्या, शिक्षणाचा पहिला टप्पा संपत आला. आता स्वतः योजलेल्या नक्षीची एक डबी करायची. ती बाईंच्या पसंतीस उतरली, तर त्या आणखी तीन वर्षे शिकवतील. नाही तर मी घरी परत. इथे पाइन म्हणजे दीर्घायुष्य, बर्फात फुलणारा प्लम म्हणजे धीर. दोन्ही मी सुबक काढते, पण बाईंच्या मते ती माझ्या हातात पाहुण्यांसारखी अवघडून बसतात. तुझ्या गावचे काही आण, म्हणाल्या. मला टेकडीवरचा तरवड आठवला. उन्हाळ्यात सगळे वाळते, तो हिरवा राहतो. नवरात्रात घटाला माळही त्याचीच. टपालाने पाला येऊ देत नाहीत आणि बाईंना फोटो चालत नाही. आपण रेखाटून पाठवाल का?

तीन वर्षांचे आईला सांगा. रागावली तर तेही कळवा.

आपली लाडकी (हे मीच ठरवले आहे),
अश्विनी

केडगाव
२१ सप्टेंबर २०२४

चि. अश्विनी हिस अनेक आशीर्वाद.

सोबत आलेखकागदावर तरवडाची फांदी आहे. पट्टीने मापून काढली आहे. अनेक फांद्या तपासून सर्वांत निर्दोष ती निवडली.

तुझी आई रागावली नाही, हे अधिक वाईट. दिवाळीनंतर तू येशील म्हणून तिने तुझ्या खोलीला रंग देऊन घेतला आहे. मला एवढेच म्हणाली की, पोरीला तिकडं रोवायला तुमीच पट्टी घेऊन निघालात व्हय.

प्रकृतीस जपावे.

तुझा शुभचिंतक,
बाबा

कनाझावा
४ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस सा. न.

चित्र इतके अचूक की बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतले. मग विचारले, या झाडाला कोणी खात नाही का? मी सांगितले की देवीला किडके वाहत नाहीत. बाबांनी चित्रातही तेच पाळले. तेव्हा त्यांनी एक जुनी डबी दाखवली. शरदातली गवते, एका पानाला अळीने पाडलेले भोक, आणि सोन्याच्या कामात ते भोक जपून रिकामे ठेवलेले. त्या म्हणाल्या, भोक दिसले की पानाने काढलेले दिवस दिसतात.

मला खाल्लेली पाने हवीत. पट्टी कृपया घरी ठेवावी.

आपली,
अश्विनी

केडगाव
१६ ऑक्टोबर २०२४

चि. अश्विनी हिस अनेक आशीर्वाद.

मी प्रयत्न केला. पट्टीविना माझी रेघ चालत नाही, आणि भोक काढावे तर हात ते बुजवून टाकतो. मी कागद फाडत असल्याचे तुझ्या आईने पाहिले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी पेन्सिल घेऊन तीच टेकडीवर निघाली. रांगोळीचा हात तिचा. फांदी भोकांसकट एका बैठकीत उतरवली. सोबत पाठवीत आहे. पानावर हिरवी अळी होती. मी काडीने काढू लागलो, तर म्हणाली की राहू द्या, खाऊ द्या तिला, तेवढंच पोरीच्या कामाला येईल.

उतरताना मी विचारले की, डबी पसंत पडली तर तीन वर्षे, हे ध्यानात आहे ना. ती म्हणाली की हिशेब तुमचा, मला नका इचारू. बरेच अंतर चालल्यावर तिनेच विचारले की, तिकडं थंडीत पोरीला अंघोळीला गरम पाणी मिळतं का.

माया आहेच; अंतराने तिला उणे न यावे. गरम पाण्याचे उत्तर मात्र आईच्या नावे लिहावे.

तुझा,
बाबा