नकाशावरची जाड रेघ

४ फेब्रुवारी, रविवार

खोटं बोललो. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर इथेही सारवासारव करीन.

गुहेच्या तळाशी, शेवटच्या दालनात, जमिनीलगत एक फट आहे. एक हात पुढे, एक हात अंगाशी, पोटावर सरपटत माणूस जेमतेम जाईल अशी. अशा जागी आमच्या गुहा धुंडाळणाऱ्या गटात पहिला मी शिरतो. सगळे मला 'पाल' म्हणतात ते काय उगाच? हेल्मेट काढून पुढे ढकलायचं, श्वास पूर्ण सोडायचा, छाती बारीक झाली की वीतभर सरकायचं. हजारदा केलंय.

आज छाती अडकली. याआधीही अडकलीय, त्यात काय एवढं! पण आज श्वास घ्यायला गेलो आणि घेताच येईना. वर दगड, खाली दगड. डोक्यात एकच — आता मी इथेच. पाय झाडले. आणि पँटमध्येच लघवी झाली. या वयात! लिफ्टच्या खड्ड्यात उतरून पोट भरणारा माणूस मी!

लाज याची नाही. म्हणजे आहेच. पण खरी लाज पुढची. हेल्मेटचा दिवा पुढे पेटलेला होता आणि त्या उजेडात मला दिसलं, स्वच्छ दिसलं — दोन हातांवर फट संपते आणि पुढे मोठं दालन आहे. पिवळ्याधमक मातीची जमीन. आमच्या बाजूला सगळा काळा चिखल, तिथे पिवळी. पलीकडची भिंत दिसतच नव्हती. त्या जमिनीवर कुणाचंही पाऊल नाही.

मागे सरकत बाहेर आलो. "काय रे पाल?" बाहेर थांबलेल्या आमच्या नकाशेवाल्याने विचारलं. तोंडातून निघून गेलं, "बंद आहे. पुढे सगळा दगड."

"आणि भिजलास कशाने?"

"डबकं आहे आत."

घरी येऊन कुणाच्या नजरेस पडायच्या आत गुहेत घालायची डांगरी धुऊन टाकली. ही म्हणाली, "आज भलताच उत्साह!"

५ फेब्रुवारी, सोमवार

कामावर एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलो. वर लिफ्टचा पाळणा लटकलेला. काही वाटलं नाही. पाना फिरवत शीळसुद्धा घातली. मग कालच काय झालं मला?

७ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी पुतणी आली. चप्पल काढता काढताच सुरू — "काका, त्या फटीतून वारा येत होता. मी तोंडाशी बसले होते ना, गालाला लागत होता. बंद असेल तर वारा कुठून?"

हे तिला कुणी शिकवलं? मीच. वारा आहे तिथे वाट आहे. ती एवढीशी होती तेव्हा पहिल्यांदा गुहेत नेलं होतं, तेव्हापासून हेच घोकून घेतलंय. आणि दुसरं — जे पाहिलं तेच सांगायचं, जे पाहिलं नाही ते 'पाहिलं नाही' म्हणून सांगायचं. आमच्यात यापलीकडे नियम नाही. नकाशावर जिथे कुणी गेलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. जिथे वाट खरंच संपते तिथे जाड काळी रेघ. मागून येणारे त्या रेघेवर विश्वास टाकतात. रेघ दिसली की कुणी तिकडे फिरकत नाही.

मी म्हणालो, "बारीक भेगा असतात गं. वारा भेगेतूनही येतो."

ती म्हणाली, "हो का!" एकदम पटलं तिला. तेच जास्त लागलं.

११ फेब्रुवारी, रविवार

नकाशेवाल्याच्या घरी बैठक. टेबलभर नकाशा पसरलेला. त्याने माझ्यासमोर पेन टेकवलं आणि जाड रेघ ओढली. मी चहा पीत बघत होतो. "थांब" म्हणायला किती वेळ लागतो? जीभच रेटेना.

पुढे आणखी शोभा. शेवटापर्यंत जो पहिला पोचतो तो जागेला नाव देतो, अशी आमची पद्धत. "आपला पाल काही बोलायचा नाही, आपणच देऊ," म्हणून त्यांनीच ठेवलं — 'पालभिंत'! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुतणीने सगळ्यांत जोरात. नसलेल्या भिंतीला माझं नाव! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वनखात्याची परवानगी महिनाअखेरपर्यंतच आहे. नकाशा पूर्ण दिसला की ते गुहेच्या तोंडाला वटवाघळांना माणसांचा त्रास नको म्हणून जाळी ठोकणार. मग आत कुणी नाही. पुढच्या रविवारी आपले दोर काढून आणायचे, संपलं.

म्हणजे ते पिवळं दालन माझ्याबरोबर मरणार.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

फोन हातात घेतला. नकाशेवाल्याचं नाव काढलं. ठेवून दिला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ही म्हणाली, "जेवणात लक्ष नाही, बोलण्यात नाही. गुहेत जीव ठेवून आलात की काय?" हसून वेळ मारून नेली.

उद्या सांगणार. नक्की.

१८ फेब्रुवारी, रविवार

नाही सांगितलं.

नकाशेवाला आणि बाकीचे वरच्या टप्प्यावर दोर गुंडाळत होते. खाली शेवटच्या दालनात आम्ही दोघंच. पुतणी एकदम म्हणाली, "काका, तुमच्या भिंतीचा फोटो काढून आणते. आठवण."

"जाऊ नकोस. आत दगड सैल आहेत."

हेही खोटं! तिच्या जिवाची भीती घालून मी माझी अब्रू झाकत होतो. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. तिच्या दिव्याचा उजेड माझ्या डोळ्यांवर, चेहरा दिसेना. मग म्हणाली, "जपून जाते," आणि शिरली.

बूट घासल्याचा आवाज येत राहिला. मग थांबला. बराच वेळ काही नाही. मी फटीशी तोंड लावून हाका मारल्या. अडकली असेल तर? माझ्यासारखाच श्वास बंद झाला असेल तर? त्या वेळी, कबूल करतो, ना नकाशा आठवला ना अब्रू. नुसती तिची हाक ऐकू यावी, एवढंच.

आली. पाय आधी, मग बाकीची, नखशिखांत काळी. थेट वर जायच्या दोराकडे वळली. आत काय दिसलं, मी विचारलं नाही.

वर गेल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "मी अर्ध्यातूनच परत आले. घाबरले. जाम घाबरले. रडूच आलं."

"तू? घाबरलीस?" नकाशेवाला हसायला लागला.

"हो. त्यामुळे बंद आहे की चालू, मला नाही सांगता येणार. आणि खरं सांगू का, तिथे मान वर होत नाही. काकांनाही नीट दिसलं नसेल. हो ना काका?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दार सताड उघडं करून दिलं होतं पोरीने. मला फक्त एक पाऊल टाकायचं होतं. मी म्हणालो, "हं... नसेल दिसलं नीट."

एवढंच. नकाशेवाला कुरकुरला, पण रेघ खोडून प्रश्नचिन्ह टाकतो म्हणाला. परवानगी वाढवून मागावी लागेल, पुन्हा यावं लागेल.

गाडीत सगळ्यांनी तिची मनसोक्त टर उडवली. "वाघिणीची मांजर झाली!" कुणी रडण्याची नक्कल केली. ती खिडकीबाहेर बघत हसत होती. आणि मी — मीही हसलो. सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून हसलो.

तिची डांगरी ती स्वतः धुते, कुणाला हात लावू देत नाही. आज माझ्या दारात उतरताना गोळा करून माझ्या हातात दिली. "काका, आज तुम्हीच धुवा." चिडली असेल, माझ्या हसण्यावर. तिचं बरोबरच आहे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

डांगरी धुतली. पहिलं पाणी काळं. दुसरं काळं. मग गुडघ्याची अस्तरं उलटी केली, आणि बादलीभर पाणी पिवळंधमक झालं.