आठवड्यातून एकदा, कोमट करून

पार्से, पेडणे
रविवार, सकाळ

चि. डॉक्टर ऋतिका हिस,
शांतारामकाकाचे अनेक आशीर्वाद.

(‘चिरंजीव’ आधी लिहावे की ‘डॉक्टर’, यात माझा चहा गार झाला. वयाने तू लहान आहेस, पण ज्या विषयावर लिहायचे आहे त्यात माझे डोके तुझ्या हातात आहे. म्हणून दोन्ही लिहिले, आणि ‘हिस’ हा शब्द मान म्हणून शेवटी जोडला.) तिकडे बेळगावात थंडी पडली असेल. तुझी सर्दी गेली का, हॉस्टेलच्या चपात्यांत काही सुधारणा झाली का, ते कळव. इकडे भात घरात आला, तुळशीचे लग्न रीतसर लागले, तुझ्या काकीची प्रकृती ठणठणीत आहे. माझीही प्रकृती मानेपर्यंत उत्तम आहे. मानेच्या वर जे घडले ते पुढे लिहितो. फोनवर सांगता आले असते, पण आपल्या घरात फोनला रेंज येते ती दारापुढच्या बल्कांवात, आणि तिथे दगडी सोप्यावर तुझी काकी तांदूळ निवडत बसलेली असते. व्हॉट्सअ‍ॅप करावे तर माझा फोनही तीच वाचते, कारण आलेला मेसेज वाचायला मला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला ती लागते. म्हणून कागद घेतला.

तर चवथीला, गणपतीसाठी, तू आली होतीस तेव्हाची गोष्ट. माझ्या काळ्या शर्टाच्या खांद्यावर कोंडा पडलेला पाहून तू म्हणालीस, “काका, डोक्यात कोंडा असताना तेल मुरवत ठेवू नका, त्यानेच तो वाढतो.” शाम्पूचे नाव लिहून दिलेस. एवढेच. तुझ्या दृष्टीने ते जाता जाता बोललेले वाक्य होते. पण मी नुकताच निवृत्त झालेला माणूस. वास्कोच्या बंदरावर गोदामाच्या ऑफिसात जन्म गेला, तिथे शेवटपर्यंत कोणी माझे मत विचारले नाही आणि आता अचानक माझ्याकडे एक शास्त्रीय मत आले, तेही घरच्या डॉक्टरचे. असे मत मिळाल्यावर गप्प बसणारे लोक असतात म्हणे. मी त्यांतला नव्हे.

इथे तुला आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी, कारण चवथीच्या गडबडीत ती तुझ्या लक्षात आली नसेल. मी नोकरीला होतो तेव्हा सोमवारी पहाटेच्या बसने वास्कोला जायचो आणि शनिवारी दिवेलागणीला परत यायचो. म्हणजे घरात असा मी रविवारीच. त्या रविवारी सकाळी न्हाण्याआधी तुझी काकी वाटीत खोबरेल कोमट करायची, बल्कांवातल्या सोप्यावर बसायची, मी खालच्या पायरीवर, आणि ती माझ्या डोक्याला तेल घालायची. लग्न झाल्यापासून हे चालू आहे. तेल घालता घालता ती बोलायची. कोणाची गाय व्याली, कोणाच्या घरी वाटण्या झाल्या, कोणी आपल्याला आमंत्रण केले नाही, मी मागच्या रविवारी कोणापुढे काय मूर्खासारखे बोललो, सगळे. मी ‘हूं’ म्हणायचो. (मान तिच्या हातात असल्यामुळे मला दुसरे काही म्हणता येत नसे.) त्या ‘हूं’वर मी आठवडाभर शहाणा माणूस म्हणून गावात आणि वास्कोत वावरायचो. हे मला आता कळते आहे. तेव्हा मला वाटायचे की तेल डोक्याला चांगले असते.

तू बेळगावला परत गेलीस आणि पुढच्या रविवारी काकी वाटी घेऊन आली. मी पायरीवर न बसता उभा राहिलो आणि व्याख्यान दिले. तेल हे बुरशीचे खाद्य आहे, आपले पूर्वज अज्ञानी होते, डोक्याच्या कातडीला श्वास घ्यायचा असतो (हे तू म्हणाली नव्हतीस, पण बोलण्याच्या ओघात येते), सबब यापुढे तेल बंद. तिने सगळे ऐकले. मला वाटले होते की ती वाद घालेल, तयारी म्हणून मी दोन मुद्दे राखून ठेवले होते. ती “बरें” म्हणाली आणि आत गेली. त्या संध्याकाळी देवापुढची समई माझ्या तेलावर जळली.

मी तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण सोमवारी देवळात भजन आटोपल्यावर मी मंडपात तेच व्याख्यान पुन्हा दिले, या वेळी राखून ठेवलेल्या दोन मुद्द्यांसकट. पार्शात, जिथे प्रत्येकाच्या दारात माड आहे, तिथे खोबरेल तेलाविरुद्ध बोलायला धैर्य लागते, आणि ते माझ्यात होते हे माझे मलाच आवडले. दुसऱ्या दिवसापासून लोक सल्ल्याला येऊ लागले. शेजारच्या धाकूने भर रस्त्यात टोपी काढून डोके पुढे केले. मी चष्मा नसताना ते तपासले, ‘हां’ म्हटले आणि त्याचेही तेल बंद केले. त्याची बायको तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही. थोडक्यात, मी अशा उंचीवर जाऊन बसलो की तिथून उतरायला शिडी राहिली नाही.

शाम्पू मात्र गुणकारी निघाला. थोड्याच आठवड्यांत कोंडा गेला, खाज गेली. डोके स्वच्छ झाले, बाहेरून आणि (तुझ्या काकीचे बोलणे बंद झाल्यामुळे) आतूनही. भांडण नव्हते, गैरसमज करून घेऊ नकोस. “जेवता?”, “जेवतंय”, “गॅस सरलो”, इतके बोलणे रोज व्हायचे. पण ते काही तेल घालताना होते तसले बोलणे नव्हे. दर रविवारी सवयीने मी पायरीवर जाऊन बसायचो. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावे की मी पेपरवाल्याची वाट बघतोय. पेपर शेजारी पडलेला असायचा.

याचा पहिला फटका सगुणच्या दुकानात बसला. सगुणची मुलगी सुप्रिया हिची सोयरीक हळर्णेच्या एका घरात जमली होती, एवढे मला ठाऊक होते, कारण ती तेलाच्या काळातली बातमी होती. मी साखर घ्यायला गेलो. दुकानात बरेच लोक होते. मी मोठ्या प्रेमाने विचारले, “सगुण, हळर्णेचे व्याही काय म्हणतात? तारीख धरली?” सगुणने साखर तोलली. मला वाटले, ऐकू गेले नाही. म्हणून मी आवाज चढवून म्हटले की मुलगा फार चांगला, घराणे चांगले, असे स्थळ दिवा घेऊन शोधले तरी मिळणार नाही. दुकानातले सगळे लोक एकदम बरण्यांवरची लेबले वाचू लागले. सगुणने पुडी बांधली आणि इतकेच म्हणाला, “शांतारामबाब, तें मोडलां न्हय.” मोडून पंधरवडा झाला होता. अख्ख्या गावाला ठाऊक होते. मी घरी येऊन काकीला म्हटले, मला सांगायचे तरी. तर ती तांदळातून मान वर न करता म्हणाली, “सांगूंक वेळ खंय गावलो?” आम्ही दोघे दिवसभर एकाच घरात असतो, ऋतिका.

आणि आता मुख्य प्रकरण. परवा डिचोलीला काकीच्या मावसभावाच्या मुलाचे, गौरेशचे लग्न होते. काकी खोलीत साडी नेसत होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर शेगडीच्या बाजूला एक वाटी. आत सोनेरी, नितळ, कोमट. मला वाटले, हिने माझ्यासाठी तेल गरम केले, पण मानी बाई, बोलणार नाही. मग मीही मानी. हाक मारली नाही, आवाज केला नाही, वाटी उचलली आणि सगळे तेल स्वतःच डोक्यावर ओतून चोळले, केस मागे विंचरले आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलो. अनेक दिवसांत मला इतके बरे वाटले नव्हते.

ते भिरंडेल होते. (तुझ्या बेळगावच्या मैत्रिणींना हे पत्र वाचून दाखवशीलच, म्हणून खुलासा करतो. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. आमच्याकडे ते थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. गरम असेपर्यंत ते तेल असते. गार झाले की मेण होते.) मंगलाष्टकांच्या वेळी ते अर्धवट होते, त्यामुळे माझ्या डोक्यावर पडलेल्या अक्षता तिथेच राहिल्या. मग आम्ही जेवायला गेलो, आणि जेवणाचा हॉल एसी होता. पहिला भात येईपर्यंत माझे डोके बंद झाले. मी खाजवायला बोट नेले तर टक असा आवाज आला. कंगवा काढून केसांत घातला तो तिथेच उभा राहिला. तेवढ्यात नवऱ्यामुलाची पणजी समोर आली. मोठ्या माणसाच्या पाया पडायलाच हवे, म्हणून वाकलो. म्हातारीने आशीर्वादाला हात ठेवला, लगेच उचलला, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अगो, हेचें डोकें गोठलां.”

मग बायकांच्या पंगतीतून तुझी काकी उठून आली. तिने माझ्या डोक्याला एक बोट लावले, त्याचा वास घेतला आणि म्हणाली, “हें माज्या टाचांक लावपाचें भिरंडेल.” लोक हसले. आमच्याच गाडीतून आलेला धाकू तर पत्रावळीवर वाकून हसला, आणि त्याला तो अधिकार आहे. मीही हसलो, कारण अक्षता, कंगवा आणि गांभीर्य हे तिन्ही एका डोक्यावर पेलत नाहीत. पण खरे सांगतो, ते बोट डोक्याला लागले तेव्हा मला वाटले की आता ही आणखी चार बोटे लावील. लावली नाहीत. जाऊन पुन्हा आपल्या पानावर बसली.

घरी आल्यावर तिने न्हाणीच्या दाराशी कढत पाण्याची बादली आणून ठेवली, शिकेकाई ठेवली आणि गेली. मी एकट्याने डोके घासले. अक्षता निघाल्या. भिरंडेल मोरीत जाऊन पुन्हा गोठले आणि मोरी तुंबली, ती काल मी तारेने मोकळी केली. आता डोके पूर्ववत आहे. तुझ्या अभ्यासाला एक वेगळी केस म्हणून हे सविस्तर कळवले. दुसरा काही हेतू नाही. जास्त काय लिहू, तू सुज्ञ आहेस.

तुझा,
शांतारामकाका

ता. क. एक लहानसे काम होते. तुझ्या डॉक्टरकीच्या कागदावर, शिक्का मारून, चार ओळी लिहून पाठवशील का? ‘रुग्णाने आठवड्यातून एकदा खोबरेल तेल कोमट करून डोक्याला लावावे, मग धुवावे.’ मराठीत लिही, म्हणजे काकीला स्वतः वाचता येईल. आणि ‘दुसऱ्याच्या हातून’ हे शब्द घाल, त्यांच्याखाली रेघ मार. डॉक्टरचे नवे मत आले तर मला गावातही तोंड दाखवता येईल.

ता. क. २. हे खोटे लिहायला लावतोय असे समजू नकोस. मला आता अंधूक आठवते की चवथीला तू पुढेही एक वाक्य बोलली होतीस, ‘हवे तर आठवड्यातून एकदा’ असे काहीतरी. पण त्याच वेळी तळलेल्या नेवऱ्यांचे ताट आले.

ता. क. ३. काकीला यातले काही कळू देऊ नकोस. तुझ्यासाठी कोकमाची सोलां आणि काजू पाठवतोय, त्याच पार्सलात हे पाकीट घालतो.

*

चि. ऋतिकास आशीर्वाद.

मी काकी. पार्सल मीच बांधते, हे तुझ्या काकांच्या लक्षात राहिले नाही. पत्र वाचले. त्यांना सांगू नकोस.

त्या दिवशी शेगडीपाशी दोन वाट्या होत्या. मोठी त्यांचीच होती, लग्नाला जायचे म्हणून रविवार नसताना केलेली. दर रविवारी मी त्यांच्यासाठी तेल कोमट करते. ते पायरीवर बसतात, मी दाराच्या आत उभी असते. ते मागत नाहीत. बंद त्यांनी केले, तर मी आपणहून कशी जाऊ? मग तेल समईत घालते.

तो कागद लवकर पाठव. मीही आधी बोलणारी नव्हे. आणि आठवड्यातून एकदा असे लिहू नकोस. एकदा, ते वास्कोला असत तेव्हा. आता रोज घरी असतात. दोनदा लिही.