दारं दोन, शेगडी एक

ता. ४, मंगळवार

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. (आत्याच्या खोलीत साष्टांग घालायला गेलं की पाय कपाटाला लागतात, तेव्हा गुडघ्यापर्यंतचाच समज.)

आधी कबूल करतो, मग बाकीचं. ताई, मी सरकारी कागदावर आपल्या आत्याचं लग्न लावून टाकलंय. तेही शाईने.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन भावजी आधी उचलतात. आणि इथल्या भिंती अशा आहेत की मी शिंकलो तर पलीकडचे औषध सुचवतात.

तर झालं असं. लोक मोजायच्या कामावर मला घेतलं हे तुला माहीत आहेच. त्यांना माणसं कमी पडत होती, नाहीतर दोन दमात बारावी झालेल्याला कोण घेतो. तीन दिवस शिकवलं. पहिले दोन दिवस मी मागच्या बाकावर झोपलो, पण तिसऱ्या दिवशीचं एक वाक्य डोक्यात बसलं. दारं मोजू नका, शेगड्या मोजा. म्हणजे एका शेगडीवरचं जे जेवतात ते एक कुटुंब. मग दारं दोन असोत नाहीतर चार.

काम मजेचं आहे. माझ्या गल्लीत आतापर्यंत दोनशे बारा माणसं झाली. त्यातली याच शहरात जन्मलेली किती असतील? एकोणीस. आणि त्यातली अकरा अजून बोबडं बोलतात. बाकी सगळे कुठून कुठून आलेले, आणि सगळे म्हणतात की इथे बाहेरच्यांची गर्दी फार झाली. एका खोलीत सहा पोरं आणि गाद्या तीन. तिघं कामावरून आले की तिघं उठतात. तीन बहिणी राहतात, त्यांची वयं लिहिली तर थोरली मधलीपेक्षा दोन वर्षांनी धाकटी निघाली. मी काही बोललो नाही, चहा चांगला होता. एका घरात आईची भाषा एक, बापाची दुसरी. मुलाची कोणती लिहू विचारलं तर दोघं भांडायला लागले, आणि मूल तिसऱ्याच भाषेत म्हणालं की मला खेळायला जाऊ द्या. आणि एकेकटे म्हातारे तर इतके, की बेल दाबायच्या आधीच दार उघडतं.

आता आत्याकडे येतो. तिच्या समोरच्या खोलीत किल्लीकाका राहतात. कोपऱ्यावर त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. बायको जाऊन बारा वर्षं झाली. आठ वर्षांपूर्वी त्यांची शेगडी बिघडली, ती अजून बिघडलेलीच आहे. जो माणूस शहरातलं कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडतो, त्याला आठ वर्षांत एक शेगडी दुरुस्त होत नाही, यावर तूच विचार कर. ते भाजी आणतात, आत्या रांधते, ते भांडी घासतात. दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात आणि मिठावरून रोज वाद घालतात.

म्हणजे नियमाने कुटुंब एक. त्याचा कागद मी एकच केला. पण पुढे रकाना येतो, कुटुंबप्रमुखाशी नातं. आत्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला गेली होती, काका दुकानात होते. घरात कोणी नाही, हातात पेन, आणि समोर रिकामी जागा. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझं काय होतं हे तू शाळेपासून बघत आली आहेस. प्रमुख म्हणून काकांना लिहिलं, वय चौसष्ट. खाली आत्या, वय अठ्ठावन्न. नातं, पत्नी.

खोडायला गेलो तेव्हा आठवलं की खाडाखोड चालत नाही. एक अक्षर बदललं तरी शेजारी प्रमुखाची सही लागते. त्यात दहातलं एक घर आमच्या पर्यवेक्षक बाई स्वतः येऊन तपासतात. त्या लाल पेन्सिल कानावर ठेवून हिंडतात. त्यांनी चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या नशिबाने हेच घर निघालं. त्या अठरा तारखेला येणार आहेत.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. काकांची मुलगी दुसऱ्या शहरात असते, ती त्यांना कायमचं बोलावते आहे. महिनाअखेर ते जाणार. त्यांच्या दारात खोकी येऊन पडलीत. आत्या त्यावर एक शब्द बोलत नाही, पण परवा तिने तिघांसाठी बटाटे सोलायला घेतले आणि सगळी टोपली सोलून टाकली. आता तिला हा कागद दिसला तर तिला वाटेल सगळी इमारत हसते आहे. उरलेल्या दिवसांचं जेवणसुद्धा बंद करेल.

मी काय करू ते लवकर कळव. लोभ आहेच, तो वाढवायचा की कापायचा तेही त्यातच लिही.

तुझा
भोंग्या


ता. ८, शनिवार

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक कानाखाली. दोन्ही टपालाने पाठवते आहे, पहिलं पोचलं नाही तरी चालेल.

तू बाबांच्या बुटात बेडूक ठेवलास, हेडमास्तरांची छत्री उघडू नये म्हणून शिवून टाकलीस, तीही माझ्या मशीनवर. तेव्हा मी तुला पाठीशी घातलं. पण बेडूक उडी मारून जातो रे, शाई जात नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. आत्याचे यजमान गेल्यावर दोन वर्षांनी तिला एक स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता, आत्याच्याही मनात होतं. बाबा नाही म्हणाले. लोक काय म्हणतील, एवढंच म्हणाले. आत्या भांडली नाही. पुढच्या महिन्यात तिने शहरात लाँड्रीतली नोकरी धरली, आणि तो विषय पुन्हा कोणापुढे काढला नाही. म्हणून म्हणते, ज्या गोष्टीवर तिने एकवीस-बावीस वर्षं झाकण ठेवलं त्यावर तू चेष्टा करून बसला आहेस.

आता ऐक. आत्याकडे जायचं नाही. सरळ काकांच्या दुकानात जा, पाय धर, खोडून घे आणि सही घे. ते थोडक्यात बोलणारे दिसतात, त्यांच्यापाशी गोष्ट राहील. आणि तोंड वाकडं करून हसू नकोस. माफी मागतानाही तू हसतोस म्हणून लोक मारतात.

अजून एक. घर आत्याचं, शेगडी आत्याची, आणि प्रमुख तो माणूस कसा झाला? आजवर त्या बाईने कोणाला प्रमुख होऊ दिलंय? चेष्टा करायची तर धड तरी करावी.

आपल्याकडेही मोजणारा येऊन गेला. मी नेमकी माहेरी होते. चांगला सभ्य मुलगा, तुझ्यासारखा नाही. बाबांनी तुझं नाव घालूच दिलं नाही. म्हणाले, तो शहरात आहे, तिकडेच मोजू देत, बघू त्याला कशात मोजतात.

काय होतं ते कळव. तोवर माझा जीव मशीनच्या सुईखाली आहे.

तुझी
ताई


ता. १२, बुधवार

ती. ताईस,
नमस्कार, या खेपेला पूर्ण साष्टांग, दुकानात घालून आलो तोच.

तुझं पत्र यायच्या आधी, रविवारीच, मी दोनदा दुकानावरून गेलो होतो, हिंमत झाली नाही. आज पत्र आलं आणि गेलो. हसलो नाही. तू सांगितलंस म्हणून गाल आतून चावून धरला होता, अजून दुखतोय.

काका किल्ली घासत होते. मी कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोळ्याला ते कुलपाच्या आत बघायचं भिंग लावलं आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग कागद बाजूला ठेवून हातातली किल्ली पुरी केली. गिऱ्हाईक आलं, किल्ली घेऊन गेलं. मी उभाच. मग म्हणाले की यात एक चूक आहे. मी म्हटलं, हो, तेच सांगायला आलोय. तर म्हणाले, माझं वय गेल्या महिन्यात पासष्ट झालं.

नंतर त्यांनी विचारलं की यावर कोणी सहीच केली नाही तर काय होतं. मी म्हटलं, मग जे लिहिलंय तेच राहतं. ते बराच वेळ कानस पुसत बसले. शेवटी म्हणाले की सही करायची तर विचार करून करावी, आणि कागद गल्ल्याखालच्या खणात ठेवून कुलूप लावलं. मी म्हटलं, कागद परत द्या, माझी नोकरी जाईल. तर म्हणाले, त्या खणाची किल्ली सापडत नाही. भिंतीवर चारशे किल्ल्या टांगून बसलेला माणूस हे बोलतोय, ताई, आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मला वाटायचं या इमारतीत थापाड्या मीच एकटा.

आता बाई येणार, कागद कुलपात, आणि मी आगीतून फुफाट्यात. एकच गोष्ट वेगळी दिसली. काकांच्या दारातल्या खोक्यांपैकी वरचं खोकं उघडलंय, आणि त्यातली किटली परत खिडकीत आली आहे.

माया असेल तर धीर दे, नसेल तर निदान तुझ्या शिवणाच्या दुकानात काज-बटणाचं काम दे.

तुझा
भोंग्या


ता. १५, शनिवार

चि. भोंग्यास,
आशीर्वाद. या खेपेला कानाखाली बाकी ठेवते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि किटलीपाशी येऊन थांबले. नोकरीची एवढी काळजी करू नकोस, ती तुझ्याकडे राहिली हेच नवल. पण आता मध्ये पडू नकोस. काही विचारू नकोस, सुचवू नकोस, दोघांच्या ताटात डोकावू नकोस. जन्मात पहिल्यांदा गप्प बस.

तुझे भावजी विचारत होते की शहरातून एवढी पत्रं कसली येतात. मी सांगितलं, तुला मुली बघायच्या आहेत. तेव्हा आता तेही निस्तर.

जपून राहा, म्हणजे मला रागवायला कोणीतरी उरेल.

तुझी
ताई


ता. १८, मंगळवार

ती. ताईस,
साष्टांग, लोटांगण आणि जे काही असेल ते सगळं.

बाई आज अकराला आल्या. आत्याने रजा घेतली होती, काकांनी दुकान बंद ठेवलं होतं. चौघं टेबलाभोवती बसलो आणि बाईंनी कागद मागितला. मी ततपप करायला लागलो, तेवढ्यात आत्या उठली, तांदळाच्या डब्याखालून कागद काढला आणि बाईंच्या पुढे ठेवला.

कागद तिच्याकडे कसा आला ते काकांनी मला मागाहून सांगितलं. मी दुकानात गेलो त्याच संध्याकाळी मला फॉर्म जमा करायला उशीर झाला होता, आणि दोघंच जेवत होती. काकांनी तो तिच्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, यात काही दुरुस्त करायला हवं का. आत्याने जेवण पुरं केलं, हात धुतले, चष्मा पुसून घातला आणि वाचला. मग म्हणाली, हवं, चुकलंय, आणि पेन मागितलं. काका म्हणाले की पन्नास वर्षं कुलपं उघडतोय, पण त्या वेळेएवढा घाम कधी फुटला नाही.

तिने काय दुरुस्त केलं, ऐक. प्रमुखाच्या जागी काकांना खोडून स्वतःला घातलं. खाली काका, वय पासष्ट. नातं, पती. प्रत्येक खाडाखोडीशेजारी दोघांची सही. तू आधीच लिहिलं होतंस, आत्याने कोणाला प्रमुख होऊ दिलंय.

बाईंनी लग्नाची तारीख विचारली. आत्या म्हणाली, पुढच्या बुधवारी, सव्वीसला. आधी देवळात, मग नोंदणी, कार्यालयात गेल्या गुरुवारीच अर्ज दिलाय. बाई म्हणाल्या, मग हे चालणार नाही. मोजणी एक तारखेच्या रात्रीची आहे, त्या रात्री जो जसा होता तसाच लिहायचा. त्यावर काका म्हणाले की माझ्याकडून त्या रात्रीत आणि बुधवारात काही फरक पडायचा नाही. आत्याने त्यांना गप्प बसवलं. बाईंनी कानावरची लाल पेन्सिल काढली, पती खोडलं आणि लिहिलं, इतर. आत्या म्हणाली, हरकत नाही, आठ वर्षं इतर होते, अजून आठ दिवस राहतील.

मग बाईंनी माझ्याकडे पेन्सिल रोखली आणि विचारलं, हा कोण. मी म्हटलं, मी मोजणारा. त्यांनी विचारलं, एक तारखेला झोपला कुठे. म्हटलं, याच टेबलाखाली. मग तुला कुठे मोजलंय? ताई, मी अकराशे त्रेचाळीस माणसं मोजली आणि स्वतःला विसरलो. तिकडे बाबांनी काढलं, इकडे मी घातलं नाही. मी कुठेच नव्हतो. आत्या हसायला लागली ती थांबेना. डोळे पुसत तिसऱ्या ओळीवर तिने स्वतः लिहिलं, भाचा, वय वीस. व्यवसायाच्या रकान्यात ती उपद्व्याप लिहिणार होती, बाईंनी हात धरला.

काकांनी मुलीला फोन केला. ती म्हणाली की निदान आता शेगडी तरी दुरुस्त करू नका.

आता तुझं काम. साक्षीदार लागतात, एक मी, दुसरी तू. मंगळवारी ये. घरी सांग, मशीनचा पट्टा आणायचाय. बाबांना आत्या स्वतः लिहिणार आहे, पण लग्न झाल्यावर. म्हणाली, या खेपेला विचारणार नाही, कळवणार. तोवर बाबांना सांगू नकोस, आईला नको, आणि भावजींना तर मुळीच नको. त्यांना सांगणं म्हणजे गावाला पत्रकं वाटणं.

आणि एक गोष्ट तर आत्यालाही सांगू नकोस. तिला वाटतंय मी ते चेष्टेने लिहिलं. तुलाही तसंच वाटलं. त्या दिवशी ती सोललेल्या बटाट्यांची टोपली ओट्यावर तशीच पडली होती, आणि त्या रकान्यापाशी मी पाऊण तास पेन धरून बसलो होतो. शेजारीण लिहून बघितलं, भाडेकरू लिहून बघितलं, हातावर. एकही बसेना. ताई, हे कोणाला कळलं तर माझी एवढ्या वर्षांची अब्रू जाईल. पाया पडतो, कोणाला सांगू नकोस.

तुझा, आता मोजलेला,
भोंग्या