अण्णांच्या उतरंडीचं गाणं

ता. ११ जाने., रविवार
ब्लाउज शिवायचे अजून बाकीच. गावच्या संगीत नाटकाचे. सगळे हिरवे, आणि सगळ्या पोरींना पाठीवर लटकन पाहिजे. भूकंपाच्या नाटकात लटकन! प्रमोद सरांना (शाळेतले, नाटक त्यांचंच, गाणीही त्यांचीच) विचारलं, आहे तरी काय नाटकात? म्हणाले, "सुमनताई, सांगणार न्हाय. तुमचे अण्णा हायत त्यात, एवढंच सांगतो."
बरं वाटलं. इतक्या वर्षांनी बापाचं नाव कुणीतरी काढतंय म्हणून हुरळून गेले. वेडी मी. आईला सांगितलं. तिनं तांदूळ निवडणं काही थांबवलं नाही.

ता. १८ जाने., रवि.
काल प्रयोग झाला, देवळापुढच्या पटांगणात. 
मोबाइलच्या दुकानाचा बालाजी अण्णा झाला होता. गुडघ्यापर्यंत धोतर, वाकडी टोपी. तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, अशी उतरंड रचतो. मांजर चाललं तरी ती गडगडते आणि हा बोंबलत पळतो, "हलली! हलली! भाईर व्हा!" मागं माझेच ब्लाउज घातलेल्या पोरी भांडी वाजवत नाचतात. लोक हसून लोळत होते. वन्समोअर मिळाला. पुढच्या रांगेत भगवानतात्या, नाटक कमिटीचे अध्यक्ष, मांडीवर थापा मारत होते.
मध्यंतरानंतर भूकंप. तेरखेड्याचे फटाक्यांचे बॉम्ब, लाल दिवे, धूर. मग पत्र्याची शेडं, नवी घरं, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून गाणं. त्यात अण्णा परत हजर! डोक्यावर भांडी घेऊन नाचत. म्हणजे ह्यांच्या नाटकात अण्णा मेलेच नाहीत.
आई गुडघ्यांमुळं घरी होती. बरं झालं.

ता. १९, सोम.
दिवसभर तेच. जी येते ती, "कसलं भारी नाटक, ताई!" शेजारची कमल म्हणते, "तुमचे अण्णा लई इनोदी व्हते म्हणं." इनोदी. तिच्या ब्लाउजचं माप घेत होते, टेप आवळावीशी वाटली.
कमल तेव्हा जन्मलीही नव्हती, तिला काय बोलणार. पण म्हाताऱ्यांना तर ठाऊक आहे?
भूकंपाच्या आधी वर्षभर धक्के बसत होते. सगळं गाव बाहेर झोपायचं. मग कंटाळलं, आत गेलं. अण्णा गेले नाहीत. अंगणात उतरंड रचून तिच्याशेजारी झोपायचे, आम्हालाही झोपवायचे. जमीन हलली की भांडी वाजतील, अंगणातली भिंत पडायच्या आत रस्त्यावर पळता येईल. साधी अक्कल. गावानं त्यांना गडगड्या नाव पाडलं. भगवानतात्या तेव्हा जवान. टोळकं घेऊन भिंतीआडून खडे मारायचे. भांडी पडायची, अण्णा आम्हाला ओढत रस्त्यावर न्यायचे, आणि पलीकडून खिदळणं.
गौरीच्या हळदीकुंकवाला बायका त्यावरून आईला नाही नाही ते बोलल्या. घरी येऊन तिनं सगळी भांडी मांडणीवर लावली. "पुरं आता. लोक हसायलेत."  अण्णांनी अंथरूण आत घेतलं. गणपती बुडवून आलो त्या रात्री सगळे आतच होतो. पहाटे मातीचं छत, माळवद, अंगावर आलं; त्याखालून आईला आणि मला काढलं. अण्णांना काढलं तेव्हा…
हे कुठं आहे नाटकात?

ता. २२, गुरु.
आई नाटक बघून आली! मला न सांगता. सास्तूरला प्रयोग होता, कमलनं रिक्षातून नेलं. तरीच मला बाजाराला पिटाळलं होतं.
आल्या आल्या म्हणते, "असाच व्हता गं. टोपी बी तशीच घालायचा."
म्हटलं, "आई, लोक त्यांना हसतात."
"हसू दे की. म्या बी हसले."
उठून चुलीकडं गेले. भाकरी करपली, तीच वाढली. तिनं खाल्ली. वर गाणं गुणगुणत होती. तेच, उतरंडीचं.
सगळ्या गावावरचा राग एकीकडं आणि हिच्यावरचा एकीकडं.

ता. २५, रवि.
गेले प्र. सरांकडं. तात्या तिथंच चहा पीत बसलेले. बरंच झालं. उभ्यानंच सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "खडे कोण मारायचं ते विचारा ह्यांना."
तात्यांनी कप खाली ठेवला. "म्याच मारायचो."
मग माझ्याकडं वळले.
"सुमन, त्या दिवशी माझी बायको गेली, दोन्ही लेकरं गेली. त्याच्या आधीचं आठवावं असं काय ते त्या गाण्यातच हाय. तवा समदे हसत व्हते, माझी बी हसत व्हती."
मला दया आली नाही. खोटं कशाला लिहू? म्हटलं, तुमचं हसू माझ्या बापाच्या जिवावर नको.
सरांचे डोळे भरले. चांगला मुलगा आहे, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लगेच कागद काढला. लोहाऱ्याच्या प्रयोगापासून बदल: खडे मारणारी पोरं दाखवणार, भांडी मांडणीवर चढणार, अण्णा आत झोपणार आणि भूकंपात जाणार. शेवटच्या गाण्यात नसणार. तात्या म्हणाले, "करा. खरं हाय ते."
जिंकले. येताना पेढे घेतले. आईला कशाचे ते सांगितलं नाही.

ता. २९, गुरु.
सर येऊन गेले. तालीम जोरात. बालाजीला मरताना पाहून पोरी खरंच रडल्या म्हणे. "ताई, आता कुणी हसायचं न्हाय." हेच तर पाहिजे होतं.

ता. ३१, शनि.
आज लोहाऱ्याला प्रयोग. आई सकाळपासून इरकल नेसून बसलीय. म्हटलं, एकदा पाहिलंस ना, पुरे झालं. गुडघे दुखतील.
"दुखू दे. आज पुढं बसव मला. मागल्या टायमाला शेवटचं नीट दिसलं न्हाय."
"काय आहे शेवटी एवढं?"
"तुझा बाप येतो न्हवं का." बाजारातून येतो म्हणावं तसं म्हणाली. "धूर जातो, समदे येतेत, ह्यो काय दिसंना. म्हटलं, गेला. म्याच भांडी उचलली, म्याच त्याला आत घेतला. जीव नुसता खालीवर. अन् मग आला बघ, भांडी डोक्यावर घिऊन. अशी हसले, अशी हसले!"
बत्तीस वर्षं हे तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.
सरांना फोन केला तर एका शब्दावर जुनाच शेवट करतील. बालाजीला ते पाठच आहे. मग पुन्हा तेच, हसतील सगळे. तात्यासुद्धा. आणि अण्णांचं खरं कुणालाच कळायचं नाही.
रिक्षा दारात आलीय. फोन हातात आहे. आई चपला घालून उंबऱ्यावर उभी. "सुमे, आवर की गं, पुढची जागा जाईल."