आईचे उरलेले चॅनेल

४ फेब्रु.
मुलुंडातली अजून तीन कनेक्शनं गेली. "काका, आम्ही फोनवरच बघतो." पूर्वी अख्खी थाळी होती. कोशिंबिरीला कुणी हात लावला नाही तरी पैसे ताटाचे. आता जो तो वाटी-वाटी मागतो. कुणी न बघितलेल्या चॅनेलांवर वीस वर्षं आमचं घर चाललं, हे कळायला केबलचा धंदा बुडावा लागला.
उरलेत म्हातारे. चॅनेल घालाय-काढायचं ॲप त्यांना जमत नाही, मला फोन करतात. आज सामंतकाकू: "खेळाचं काढ रे, कोण बघतंय!" काढलं.

११ फेब्रु.
काकूंनी परवा सिनेमा काढला, काल बातम्या. आज मालिका. म्हटलं, "काकू, मालिकासुद्धा?" "बघून झालं." आवाज इतका शांत की मी लगेच काढलं.

१९ फेब्रु.
सकाळी काकूंचा फोन. देवाचं चॅनेलही नको. तेवढंच उरलं होतं. काढलं.
दुपारी काकू गेल्या.

५ मार्च
स्टेशनपलीकडचे गुप्तेमास्तर. काकूंना ओळखतही नव्हते. खेळ, सिनेमा, बातम्या, मालिका. तोच क्रम. थट्टेत म्हटलं, "सर, देवाचं तरी ठेवा." हसले नाहीत.

१२ मार्च
मास्तरांचा काल फोन: देवाचं काढ. थाप मारली, सर्व्हर बंद आहे. त्यांनी सुनेकडून ॲपवर काढून घेतलं.
आज गेले. माझी थाप कामी आली नाही.

२० मार्च
जेवताना आई: "रे, तो खेळाचो काढून टाक."
घरचं कनेक्शन. फुकट. हिला काय पडलंय?

२७ मार्च
सिनेमा, मग बातम्या. "काढलं गं" म्हणतो, काढत नाही. पण ती पुन्हा त्या नंबरांवर जातच नाही. बायको म्हणाली, "वयाने होतं असं. डॉक्टरकडे न्या." नेलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत.

३० मार्च
मालिका. "झाला बघून."

२ एप्रिल
फायबर-इंटरनेटवाला माझी केबलची लाइन गिऱ्हाइकांसकट विकत घ्यायला तयार आहे. आज सही होती. गेलो नाही. लाइन दिली तर आईचं देवाचं चॅनेल त्यांच्या हातात जाईल. ती त्यांना फोन करेल, ते काढतील. त्यांना काय माहीत?
बायको चिडलीय. तिचं बरोबर आहे. पण आई आहे माझी.

५ एप्रिल, सकाळी
टीव्ही बंद. आई पदर सारखा करून समोर बसलेली. मी देवाचं लावलं. तिने बंद केलं.
"आई, चालू आहे चॅनेल. काढलेलं नाही."
"रवांदे रे. माका दिसता."
काळ्या पडद्याकडे बघत हसली. कुणाला तरी ओळख दिल्यासारखी मान हलवली.
रिमोट घ्यायला मी पुढे झालो.
"रे, मधी उभो रवा नको."
मी बाजूला सरकलो.